वाचकांचे प्रश्न : लष्करचे नाव कोठे गेले आणि ग्वाल्हेर कुणाचे?

गेल्या अंकात ग्वाल्हेरच्या निवडणुकांवर दोन ओळींची टिप्पणी आली होती. तिच्यावर अपेक्षेपेक्षा पुष्कळ पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. दोन प्रश्नांची उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

प्रश्न : *मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दौलतगंजमध्ये राहते आणि पुढच्या निवडणुकीत पहिल्यांदा मतदान करणार आहे. आजीच्या पेटीत तिचे जुने मतदार ओळखपत्र सापडले. त्यावर मतदारसंघाचे नाव ‘लश्कर पश्चिम’ असे छापले आहे, आणि माझ्या ओळखपत्रावर ‘ग्वालियर दक्षिण’. घर तेच, गल्ली तीच, मग मतदारसंघ कसा बदलला? आणि आमच्या लोकसभा मतदारसंघात शिवपुरी जिल्ह्याची गावे कशी आली?*

उत्तर : आपल्या आजींचे ओळखपत्र जपून ठेवा. छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्याचे काम १९९३ मध्ये सुरू झाले. ज्या ओळखपत्रावर लष्करचे नाव आहे, ते त्यानंतरच्या साधारण पंधरा वर्षांतले असले पाहिजे, कारण २००८ नंतर त्या नावाचा विधानसभा मतदारसंघ उरलाच नाही. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे देशातील बहुतेक राज्यांतील मतदारसंघांची पुनर्रचना केली आणि मध्य प्रदेशात नोव्हेंबर २००८ ची विधानसभा निवडणूक नव्या सीमांनुसार झाली. त्याआधी आपल्या जिल्ह्यात गिर्द, ग्वाल्हेर, लष्कर पूर्व, लष्कर पश्चिम, मुरार आणि डबरा असे सहा मतदारसंघ होते. नंतरही सहाच राहिले, मात्र नावे झाली ग्वाल्हेर ग्रामीण, ग्वाल्हेर, ग्वाल्हेर पूर्व, ग्वाल्हेर दक्षिण, भितरवार आणि डबरा. लष्कर पश्चिमचा बराचसा भाग आज ग्वाल्हेर दक्षिणमध्ये आहे.

त्या नोव्हेंबरमध्ये लष्करातल्या एका शाळेत मी मतदानाच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे धोतर-टोपीतले एक आजोबा होते. मतदान केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने त्यांची चिठ्ठी पाहून ‘ग्वालियर दक्षिण’ असे मोठ्याने वाचले, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला आणि ‘मी लष्करचा आहे, दक्षिणेचा नाही’ असे हिंदीत ठामपणे सांगितले. यादीत त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि घर क्रमांक बोट ठेवून दाखवल्यावरच त्यांनी बोटाला शाई लावून घेतली. मला त्या वेळी त्यांचे म्हणणे अगदी पटले होते आणि आजही पटते. सीमा आखणाऱ्यांना दिशांची नावे सोयीची वाटली असतील, पण या शहरात वस्त्यांची नावे इतिहासातून आली आहेत.

ग्वाल्हेर हे एक शहर नाही, तीन शहरे आहेत. उत्तर-दक्षिण पसरलेल्या, सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या एकाकी डोंगरावर किल्ला उभा आहे. त्याच्या पायथ्याशी उत्तरेकडे जुने ग्वाल्हेर आहे. दक्षिणेला दौलतराव शिंदे यांचा तळ १८१० च्या सुमारास पडला आणि छावणीचेच शहर झाले. म्हणून त्याचे नाव लष्कर. पूर्वेला मुरार ही इंग्रजांची छावणी. १८८६ मध्ये किल्ला आणि मुरार जयाजीराव शिंदे यांना परत मिळाले आणि त्याबदल्यात झाशी इंग्रजांकडे गेली. नकाशा समोर ठेवून पाहिले, तर आजचे तीन शहरी मतदारसंघ ढोबळमानाने याच तीन वस्त्यांवर बेतलेले दिसतात. हजिरा आणि बिर्लानगरकडचा गिरण्यांचा भाग ‘ग्वाल्हेर’मध्ये आहे, मुरार आणि ठाटीपूरकडचा भाग ‘ग्वाल्हेर पूर्व’मध्ये, आणि बाडा या लष्करच्या मध्यवर्ती चौकाभोवतीच्या दाट गल्ल्या ‘ग्वाल्हेर दक्षिण’मध्ये. तीन शहरे तशीच राहिली, फक्त दोघांची नावे मतदारयादीतून पुसली गेली. ‘गिर्द’ हा जुना फारसी शब्दही असाच गेला. शहराच्या सभोवतालचा मुलूख असा त्याचा अर्थ. ‘ग्वाल्हेर ग्रामीण’ या नावात तेच सांगितले आहे, पण त्या शब्दाची चव त्यात नाही.

आता शिवपुरीचा प्रश्न. लोकसभा मतदारसंघाने जिल्ह्याच्या सीमेत राहावे असे बंधन नाही. ग्वाल्हेर हा राज्यातील २९ पैकी तिसऱ्या क्रमांकाचा लोकसभा मतदारसंघ आहे आणि त्यात आठ विधानसभा मतदारसंघ येतात : वर सांगितलेले जिल्ह्यातले सहा आणि शिवपुरी जिल्ह्यातले करेरा व पोहरी. डबरा आणि करेरा हे दोन अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. शिवपुरी शहर मात्र गुणा लोकसभा मतदारसंघात आहे. म्हणजे ग्वाल्हेरच्या उमेदवाराला नेहमीच्या रस्त्याने पोहरीला प्रचाराला जायचे, तर वाटेत दुसऱ्याच मतदारसंघाचे शहर ओलांडावे लागते.

या आठ मतदारसंघांची जमीनही एकसारखी नाही. डबरा हे झाशीच्या रेल्वेमार्गावरचे बाजारपेठेचे गाव आहे, आणि हरसी धरणाच्या कालव्यांमुळे डबरा-भितरवार पट्ट्यात भाताची शेती होते. भितरवारजवळ सिंध आणि पार्वती यांच्या संगमावर पवाया आहे. ही नाग राजांची प्राचीन पद्मावती नगरी. शाळांच्या सहली तेथे अधिक प्रमाणात गेल्या पाहिजेत असे मला नेहमी वाटते. करेरा झाशीकडे तोंड करून बसले आहे. तेथील माळरान १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य म्हणून राखले गेले. पुढे माळढोक नाहीसा झाला आणि राखीव जमिनीमुळे अडलेले गावकऱ्यांचे जमिनीचे व्यवहार हा तेथील प्रत्येक निवडणुकीतला प्रश्न होऊन बसला. पोहरीकडे जंगल आहे आणि सहरिया आदिवासींची वस्ती आहे. बाड्यावर होणारी सभा आणि पोहरीतली सभा यांत एकच भाषण चालत नाही. हा मतदारसंघ समजून घेताना माझ्या मते पहिली गोष्ट हीच ध्यानात घ्यायला हवी.

प्रश्न : *माझे माहेर ग्वाल्हेरचे. लग्नानंतर पुण्यात स्थायिक झाले. दर निवडणुकीत येथील वृत्तवाहिन्यांवर ग्वाल्हेर हा ‘शिंदे घराण्याचा बालेकिल्ला’ असे ऐकते. माझे वडील मात्र म्हणत असत की ग्वाल्हेर राजवाड्याला मान देते, पण मत विचार करून देते. खरे काय?*

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे खरे आहे, आणि आकड्यांवरून ते सहज दाखवता येते. १९५२ पासून २०२४ पर्यंत लोकसभेच्या अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांपैकी सात वेळा ग्वाल्हेरमधून राजघराण्यातील व्यक्ती निवडून आली : १९६२ मध्ये विजयाराजे, १९८४, १९८९, १९९१, १९९६ आणि १९९८ मध्ये त्यांचे पुत्र माधवराव, आणि २००९ मध्ये कन्या यशोधराराजे. यशोधराराजे त्याआधी २००७ ची पोटनिवडणूकही जिंकल्या होत्या. उरलेल्या अकरा वेळा मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी निवडले. घराण्याचा खरा बालेकिल्ला म्हणायचा, तर तो गुणा. आणि तेथेही २०१९ मध्ये माधवरावांचे पुत्र ज्योतिरादित्य शिंदे सव्वा लाख मतांनी पराभूत झाले, हे विसरता येत नाही.

सुरुवातीपासून पाहू. १९५२ मध्ये आपण मध्य भारत राज्यात होतो. काँग्रेसची देशभर लाट असताना ग्वाल्हेर आणि गुणा या दोन्ही ठिकाणी हिंदू महासभेचे विष्णू घनश्याम देशपांडे निवडून आले. त्यांनी गुणा राखले. ग्वाल्हेरच्या पोटनिवडणुकीत महासभेचेच नारायण भास्कर खरे आले. हे तेच डॉक्टर खरे, जे १९३७ मध्ये मध्य प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असेच म्हणत) झाले होते. १९५७ मध्ये विजयाराजे काँग्रेसतर्फे गुण्यातून उभ्या राहिल्या आणि त्यांनी देशपांडे यांचा पराभव केला. त्या वर्षी ग्वाल्हेर द्विसदस्य मतदारसंघ होता आणि दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. १९६२ मध्ये विजयाराजे ग्वाल्हेरमधून काँग्रेसच्या खासदार झाल्या.

त्यानंतर १९६७ आले, आणि माझ्या मते या भागाच्या राजकारणातले सर्वांत महत्त्वाचे वर्ष हेच. मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी बिनसल्यावर विजयाराजे काँग्रेसमधून बाहेर पडल्या. त्यांनी गुण्यातून लोकसभा आणि करेऱ्यातून विधानसभा अशा दोन्ही निवडणुका जिंकल्या, आणि लोकसभेची जागा सोडून विधानसभेत बसल्या. त्याच वर्षी मिश्र यांचे सरकार पडले आणि गोविंदनारायण सिंह मुख्यमंत्री झाले. एका राज्याचे सरकार उलथवण्याचा डाव ज्या जागेवरून खेळला गेला, ते करेरा आज ग्वाल्हेर लोकसभेत आहे. ग्वाल्हेरची लोकसभेची जागा त्या वर्षी जनसंघाचे रामअवतार शर्मा यांना मिळाली. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट होती, तरीही ग्वाल्हेरमधून अटलबिहारी वाजपेयी, भिंडमधून विजयाराजे आणि गुण्यातून तरुण माधवराव असे तिघेही जनसंघातर्फे जिंकले. १९७७ आणि १९८० मध्ये जनता पक्षातर्फे नारायण कृष्ण शेजवलकर निवडून आले. १९८० मध्ये देश पुन्हा इंदिराजींकडे वळला होता, ग्वाल्हेर वळले नाही.

१९८४ ची निवडणूक आमच्या पिढीच्या स्मरणात पक्की आहे. ग्वाल्हेरचे सुपुत्र, ‘शिंदे की छावणी’ या वस्तीत वाढलेले वाजपेयी उभे होते. अर्ज भरण्याच्या अखेरच्या घटकेला काँग्रेसने गुण्याऐवजी येथून माधवरावांना उभे केले. आई भाजपमध्ये आणि मुलगा काँग्रेसमध्ये, अशी ती लढत होती. माधवराव पावणेदोन लाखांच्या मताधिक्याने जिंकले. पुष्कळ लोक एवढ्या एका निकालावरून ‘बालेकिल्ला’ म्हणतात. त्या निवडणुकीत इंदिराजींच्या हत्येनंतरची सहानुभूतीही होती, आणि माधवरावांची स्वतःची लोकप्रियताही होती. दोन्ही गोष्टी मान्य करायला हव्यात. माधवरावांचे खरे बळ १९९६ मध्ये दिसले. हवाला प्रकरणात नाव आल्यावर ते काँग्रेसबाहेर पडले, ‘मध्य प्रदेश विकास काँग्रेस’ काढून उगवत्या सूर्याच्या चिन्हावर उभे राहिले आणि जिंकले. ते मत पक्षाला नव्हते, त्यांनाच होते. १९९८ मध्ये मात्र जयभानसिंह पवैया यांनी त्यांना चांगलेच झुंजवले आणि मताधिक्य फार खाली आले. १९९९ मध्ये माधवराव गुण्याला गेले, तेव्हा ग्वाल्हेरने पवैयांना निवडले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २००४ मध्ये काँग्रेसचे रामसेवक सिंह जिंकले. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेने ज्या दहा सदस्यांना बडतर्फ केले, त्यांत ते होते. म्हणून २००७ ची पोटनिवडणूक झाली. तेव्हापासून ही जागा भाजपकडे आहे : दोनदा यशोधराराजे, २०१४ मध्ये नरेंद्रसिंह तोमर, २०१९ मध्ये विवेक शेजवलकर आणि २०२४ मध्ये भारतसिंह कुशवाह. २००९ नंतर राजघराण्यातील कुणीही येथून लोकसभेला उभे राहिलेले नाही. काँग्रेसचे अशोक सिंह लागोपाठ चार वेळा हरले, पण २०१४ च्या लाटेतही त्यांनी तोमरांचे मताधिक्य तीस हजारांच्या आत रोखले होते.

आपल्या वडिलांच्या वाक्याचा सर्वांत अलीकडचा पुरावा विधानसभेतला आहे. २०१८ मध्ये या आठ मतदारसंघांपैकी सात काँग्रेसकडे गेले, फक्त ग्वाल्हेर ग्रामीण भाजपकडे राहिला. जेमतेम पाच-सहा महिन्यांनी याच मतदारांनी लोकसभेला भाजपचे शेजवलकर यांना १ लाख ४६ हजारांहून अधिक मताधिक्य दिले. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले, आणि त्यांच्यासोबत या आठांपैकी ग्वाल्हेर, ग्वाल्हेर पूर्व, डबरा, करेरा आणि पोहरी येथील पाच आमदारांनी राजीनामे दिले. नोव्हेंबर २०२० च्या पोटनिवडणुकीत ते पाचही जण भाजपतर्फे उभे राहिले. ग्वाल्हेर आणि पोहरी येथे ते टिकले, ग्वाल्हेर पूर्व, डबरा आणि करेरा येथे हरले. घराण्याचा शब्दच मतदारांना पुरेसा असता, तर हे तीन पराभव झाले नसते. २०२२ मध्ये महापौरपद ५७ वर्षांनी काँग्रेसकडे गेले. २०२३ च्या विधानसभेत आठ जागा चार-चार अशा वाटल्या गेल्या. त्याच निवडणुकीत ग्वाल्हेर ग्रामीणमधून पराभूत झालेले भारतसिंह कुशवाह सहा महिन्यांनी सुमारे सत्तर हजारांच्या मताधिक्याने खासदार झाले.

राजवाड्याविषयी येथे आदर नाही, असे मला म्हणायचे नाही. बाड्यावरून मिरवणूक जाते, तेव्हा आजही वडीलधारी माणसे हात जोडतात. तो आदर मनापासूनचा आहे, आणि मतदानयंत्रासमोर उभे राहिल्यावर माणूस वेगळा हिशेब करतो हेही तितकेच खरे आहे.

प्रश्न : *मी इंदूरचा आहे. ग्वाल्हेरच्या खासदारांच्या यादीत देशपांडे, खरे, शेजवलकर अशी नावे वारंवार दिसतात. तेथे मराठी मते निर्णायक आहेत का?*

उत्तर : लोकसभेसाठी नाहीत, आणि बहुधा कधीच नव्हती. मराठी कुटुंबे मुख्यतः लष्करच्या जुन्या गल्ल्यांत एकवटलेली आहेत. २०२४ मध्ये २१ लाखांहून अधिक मतदार असलेल्या आणि पोहरीच्या जंगलापर्यंत पसरलेल्या मतदारसंघात एवढ्या संख्येवर कुणी निवडून येऊ शकत नाही. ही मंडळी निवडून आली, ती हिंदी भाषकांच्या मतांवर.

मराठी माणसाचे बळ येथे संख्येत नव्हते, संघटनेत होते. ग्वाल्हेरमध्ये संघाच्या शाखेचे काम नारायणराव तर्टे यांनी उभे केले, आणि किशोरवयीन वाजपेयी त्याच शाखेत घडले. राज्यभरात जनसंघ आणि पुढे भाजप गावोगाव बांधणारे कुशाभाऊ ठाकरे हे आपल्या माळव्यातल्या धारचे. उमेदवार निवडणाऱ्या आणि कार्यकर्ते घडवणाऱ्या या माणसांमुळे मराठी नावे उमेदवारांच्या यादीत आली, मते मागताना मात्र ती नावे सर्वांची झाली. शेजवलकर पिता-पुत्र दोघेही आधी शहराचे महापौर होते आणि नंतर खासदार झाले. नळाचे पाणी, गटारे, रस्ते यांच्या तक्रारी ऐकत ज्याने शहर पायाखाली घातले आहे, त्याच्या आडनावाची भाषा कुणी विचारत नाही.

२०२४ मध्ये प्रमुख पक्षांपैकी कुणीही मराठी उमेदवार दिला नाही. आपल्या समाजाने याची खंत करण्यापेक्षा आपल्यातले किती तरुण आज प्रभागाच्या पातळीवर काम करतात, हे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. नगरसेवकांच्या यादीत मराठी नावे आता बोटांवर मोजण्याइतकी दिसतात आणि माझ्या मते खरी काळजी तेथे आहे.

प्रश्न : *२०१८ मध्ये ग्वाल्हेर दक्षिणचा निकाल शंभर-सव्वाशे मतांनी लागला होता, हे खरे का? आणि दोघांना अगदी समान मते पडली असती, तर काय झाले असते?*

उत्तर : खरे आहे. ११ डिसेंबर २०१८ च्या मतमोजणीत काँग्रेसचे प्रवीण पाठक यांना ५६,३६९ आणि भाजपचे नारायणसिंह कुशवाह यांना ५६,२४८ मते मिळाली. फरक १२१ मतांचा. त्या निवडणुकीत संपूर्ण राज्यातला हा सर्वांत कमी फरक होता. भाजपच्या माजी महापौर समीक्षा गुप्ता बंडखोरी करून अपक्ष उभ्या होत्या आणि त्यांनी तीस हजारांहून अधिक मते घेतली. निकाल कशामुळे फिरला, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मराठी मते निर्णायक आहेत का, असे इंदूरच्या वाचकांनी वर विचारले आहे. एवढ्या निसटत्या फरकाच्या जागी मात्र लष्करची एक गल्लीही निर्णायक ठरते, मग ती मराठी असो, सिंधी असो वा कुशवाह समाजाची. २०२३ मध्ये हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि कुशवाह सुमारे अडीच हजार मतांनी जिंकले.

समान मते पडल्यास काय करायचे, हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ मध्ये सांगितले आहे. निवडणूक निर्णय अधिकारी तेथल्या तेथे चिठ्ठ्या टाकतो, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल, त्याला एक मत जास्त मिळाले असे मानून तो विजयी घोषित होतो. पुन्हा मतदान घेतले जात नाही. ग्वाल्हेर दक्षिणमध्ये ती वेळ १२१ मतांनी टळली.